साठ, शेहेचाळीस, सदतीस : ‘परख’चे गणिताचे आकडे कसे वाचावेत आणि कसे वाचू नयेत

शालेय शिक्षणावर सिनॉप्सिस लिहायला घेतली की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं : “राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार विद्यार्थ्यांची गणितातील संपादणूक चिंताजनक आहे.” त्यापुढे एक टक्केवारी आणि मग ‘म्हणून प्रस्तुत संशोधनाची गरज’. गाईड हे वाक्य खपवून घेतात, समितीही फारशी अडवत नाही. पण ती टक्केवारी नेमकी कशाची आहे असं व्हायव्हात कुणी शांतपणे विचारलं, तर बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते.

म्हणून आज एकच आकड्यांचा संच घेऊन बसू. ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण 2024’. एनसीईआरटीच्या अखत्यारीतल्या ‘परख’ने 4 डिसेंबर 2024 रोजी देशभर ही चाचणी घेतली. तिसरी, सहावी आणि नववीचे मिळून 21 लाखांहून अधिक विद्यार्थी, 74 हजारांहून अधिक शाळा, 781 जिल्हे. निकाल जुलै 2025 मध्ये आला. गणितातली देशाची सरासरी : तिसरी 60, सहावी 46, नववी 37 टक्के.

हे तीन आकडे आले आणि सगळीकडे एकच निष्कर्ष निघाला : मूल जसजसं वर चढतं, तसतसं त्याचं गणित उतरतं. ऐकायला पटतंही. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात पाचवीपर्यंत गणितात हुशार आणि आठवीत बीजगणित आल्यावर गळपटलेला कुणीतरी होताच. पण अनुभवाशी जुळतो म्हणून निष्कर्ष सिद्ध होत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो : हा निष्कर्ष कदाचित खरा असेलही, पण या तीन आकड्यांतून तो निघत नाही. आणि या सर्वेक्षणाचा खरा उपयोग ज्या ठिकाणी आहे, तिथे आपण त्याला हातच लावत नाही.

तीन पेपर, तीन फुटपट्ट्या

तिसरीचा पेपर वेगळा, सहावीचा वेगळा, नववीचा वेगळा. प्रश्न वेगळे, प्रश्नांची काठिण्यपातळी वेगळी. 60 टक्के आणि 37 टक्के यांची वजाबाकी करून ‘23 टक्क्यांची घसरण’ म्हणणं म्हणजे एकाची उंची इंचात, दुसऱ्याची वीतभर मोजून कोण किती बुटका ते ठरवणं.

साधा विचार करा. नववीचा पेपर काढणाऱ्यांनी थोडे सोपे प्रश्न निवडले असते तर 37 चे 50 झाले असते. मुलं तीच, त्यांचं गणित तेच. बरोबर उत्तरांची टक्केवारी मुलाबद्दल जितकं सांगते, तितकंच प्रश्नाबद्दलही सांगते. हे दोन्ही एकमेकांपासून सोडवायचे असतील तर दोन इयत्तांच्या पेपरांत काही प्रश्न सामाईक ठेवावे लागतात. सहावीच्या पेपरातले काही प्रश्न नववीलाही द्यायचे, त्यांच्या आधारे दोन्ही पेपर एकाच मोजपट्टीवर बसवायचे. मापनशास्त्रात याला उभं जोडणं म्हणतात. अशी जोडणी केलेली असेल तरच ‘वर चढताना काय होतं’ याबद्दल बोलता येतं. नुसत्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी मांडून नाही.

याच जातीची चूक ‘नॅस 2021’च्या बाबतीतही झाली होती. नॅस म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, परखचा पूर्वज. नोव्हेंबर 2021 मध्ये झालेल्या त्या फेरीत गणिताचे सरासरी गुण 500 च्या मोजपट्टीवर असे दिले होते : तिसरी 306, पाचवी 284, आठवी 255, दहावी 220. इथे तर दुहेरी फसगत होते. एक, वर सांगितलेलीच. दुसरी म्हणजे 306 ला 500 ने भागून ‘61 टक्के’ असं लिहिणं. मोजपट्टीवरचे गुण म्हणजे पेपरातले गुण नव्हेत. तापमान 30 अंश आहे म्हणून ‘उकळण्याच्या 30 टक्के गरम’ असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे.

आता या तीन इयत्तांत नेमकी कोणती मुलं आहेत तेही पाहा. डिसेंबर 2024 मध्ये तिसरीत असलेलं मूल साधारण 2022 मध्ये पहिलीत आलं. त्याची प्राथमिक शाळा महामारीनंतर सुरू झाली. सहावीतलं मूल 2020-21 मध्ये दुसरीत होतं, म्हणजे हातच्याची बेरीज-वजाबाकी शिकायच्या वर्षी शाळा बंद. नववीतलं मूल त्या वर्षी पाचवीत आणि पुढच्या वर्षी सहावीत, म्हणजे अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांच्या दिवसांत मोबाईलसमोर, तोही घरात असला तर. म्हणजे तीन आकड्यांमधला फरक हा वयाचा, पेपरचा की त्या दोन वर्षांचा? तिन्ही एकमेकांत मिसळले आहेत. एकाच वेळी वेगवेगळ्या वयोगटांवर घेतलेल्या पाहणीतून ‘मूल वाढताना काय होतं’ हे सांगायला गेलं की हे होतंच. संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी ‘छेदात्मक विरुद्ध अनुदैर्ध्य अभ्यास’ पाठ केलं असेल, तर हे त्याचं जिवंत उदाहरण म्हणून लक्षात ठेवा.

सदतीसमध्ये किती ज्ञान, किती तुक्का?

पुढचा प्रश्न : ‘नववीत गणितात 37 टक्के’ म्हणजे काय? ‘37 टक्के मुलांना गणित येतं’ असा अर्थ बरेच जण घेतात. तसा तो नाही. ही बरोबर उत्तरांची सरासरी आहे, मुलांची टक्केवारी नव्हे.

शिवाय चाचणी बहुपर्यायी. चार पर्याय असतील तर डोळे मिटून गोल काळे करणाऱ्यालाही चारातलं एक उत्तर बरोबर येणार, म्हणजे 25 टक्के. शून्य गुण हा तळ नाही, 25 हा तळ आहे. कागद घ्या आणि करून पाहा. समजा 100 प्रश्नांपैकी 16 प्रश्न मुलाला खरोखर येतात. उरलेल्या 84 वर तो तुक्का मारतो. त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे 21 बरोबर येतात. 16 अधिक 21, झाले 37. सहावीचंही तसंच : 28 येतात, 72 वर तुक्का, त्यातले 18 लागले, एकूण 46. तिसरीच्या 60 मागे याच हिशेबाने सुमारे 47 प्रश्न खरे येणारे निघतात.

थांबा, हे 16 आणि 28 कुठे उद्धृत करू नका. हा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे : जे येत नाही तिथे मूल निव्वळ आंधळेपणाने निवड करतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. कधी मूल दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोहोंतून निवडतं, तेव्हा तुक्का लागण्याची शक्यता निम्म्यावर जाते. आणि कधी उलट होतं. समजा प्रश्न आहे : एक चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश किती? पर्यायांत ‘दोन अष्टमांश’ आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारं मूल तुक्का मारत नाही, पूर्ण आत्मविश्वासाने तो चुकीचा पर्याय निवडतं. अशा प्रश्नावर बरोबर उत्तरांचं प्रमाण 25 टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतं. म्हणजे अर्धवट शिकलेलं मूल काहीच न शिकलेल्या मुलापेक्षा कमी गुण मिळवू शकतं!

आणि नेमकी हीच माहिती शिक्षकाला हवी असते. किती मुलांनी ‘दोन अष्टमांश’ निवडलं? किती जणांनी 0.35 हे 0.4 पेक्षा मोठं मानलं? चांगल्या बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक विशिष्ट गैरसमज लपलेला असतो. पर्यायनिहाय उत्तरं म्हणजे देशभरातल्या गैरसमजांचा नकाशा. सरासरी काढली की तो नकाशा पुसला जातो. मोजणीवर एवढा खर्च करून शेवटी आपण सगळ्यात कमी बोलणारा आकडा हातात घेतो, ही माझी या सर्वेक्षणाबद्दलची, त्याहूनही जास्त त्याच्या वाचनाबद्दलची, पहिली तक्रार आहे.

‘असर’ शेजारी ठेवून पाहू

दुसरा मोठा स्रोत म्हणजे प्रथम संस्थेचा ‘असर’. 2005 पासून सुरू. 2024 च्या फेरीत 605 ग्रामीण जिल्ह्यांतल्या 17,997 गावांत जाऊन 6,49,491 मुलांची पाहणी केली. ही पाहणी शाळेत नाही, घरी होते. एकेका मुलासमोर बसून, तोंडी. गणिताचं साधन एका पानाचं : 1 ते 9 अंक ओळखणं, 11 ते 99 संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग.

असरच्या 2024 च्या अहवालात तिसरीतली किमान वजाबाकी करू शकणारी मुलं 33.7 टक्के आहेत. 2022 मध्ये ती 25.9 टक्के होती. पाचवीतली भागाकार करू शकणारी 30.7 टक्के, आठवीतली 45.8 टक्के.

आता परख आणि असर जवळजवळ ठेवा. परखमध्ये इयत्ता वाढते तसा आकडा खाली येतो : 60, 46, 37. असरमध्ये तो वर जातो : पाचवीत 30.7, आठवीत 45.8. एकाच देशातली, एकाच वर्षातली मुलं! मग कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. असर सगळ्या मुलांना एकच प्रश्न विचारतो, त्यामुळे मोठी मुलं अधिक बरोबर सोडवतात. परख प्रत्येक इयत्तेला त्या इयत्तेचे प्रश्न विचारतो. असर विचारतो, “ही एक पायरी किती जणांनी ओलांडली?” परख विचारतो, “या इयत्तेकडून जे अपेक्षित आहे त्यातलं किती येतं?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली लिहायचं नाही.

असरची फुटपट्टी वर्षानुवर्षं तीच असते, हे त्याचं मोठं बळ. कमजोरीही तीच. ती छोटी आहे. भागाकार आला की पुढचं काही ती मोजत नाही. आठवीतल्या मुलाला अपूर्णांक, गुणोत्तर, बीजगणित येतं का, यावर ती गप्प. शहरं तिच्यात नाहीत. शाळेत पोचून एखादं मूल त्या दिवशी गैरहजर असलं तर परख त्याला गाठत नाही, असर घरी गाठू शकतो, पण फक्त गावातल्या घरी.

जिल्हानिहाय आकड्यांबाबत मात्र दोन्हीकडे सावध राहा. असरमध्ये जिल्ह्याला 30 गावं आणि गावात 20 घरं, म्हणजे 600 घरं. त्यात पाचवीची मुलं किती निघतील? समजा 60 निघाली आणि त्यांतल्या 30 टक्क्यांना भागाकार आला. मग नुसत्या नमुन्याच्या योगायोगाने होणारी चूकच दोन्ही बाजूंना साधारण 11-12 टक्क्यांची येते. एकाच गावातली मुलं एकमेकांसारखी असतात हे धरलं तर आणखी. म्हणजे ‘आमच्या जिल्ह्यात दोन वर्षांत 6 टक्के सुधारणा’ हे वाक्य संख्याशास्त्राच्या दृष्टीने जवळपास हवेत आहे.

जेव्हा आकड्याला बक्षीस लागतं

आता जरा नाजूक भाग. नॅसचे गुण केंद्राच्या ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’मध्ये, म्हणजे राज्यांच्या शालेय कामगिरीच्या प्रतवारीत जातात. मग राज्य जिल्ह्याला विचारतं, जिल्हा केंद्रप्रमुखाला आणि केंद्रप्रमुख शिक्षकाला. सर्वेक्षणाच्या आधी सरावचाचण्या होतात, नमुना प्रश्नपत्रिका फिरतात, ओएमआरचे गोल काळे करण्याची तालीम होते.

यात शिक्षकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच हे मांडलं होतं : एखाद्या संख्यात्मक निर्देशकावर जितके जास्त निर्णय टांगाल, तितकं तो निर्देशक बिघडवण्याचं दडपण वाढतं, आणि ज्या गोष्टीवर नजर ठेवायची ती गोष्टही बिघडते. थर्मामीटरला बक्षीस लावलं की लोक ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर थंड पाण्यात बुडवतात.

याचे पुरावे आहेत. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नॅस आणि असर दोन्ही तपासले. त्यांचा निष्कर्ष कडक आहे : नॅसच्या राज्य सरासऱ्या बहुधा फुगलेल्या आहेत, आणि कोणतं राज्य कुणाच्या पुढे हे त्यांतून फारसं कळत नाही. असरच्या राज्य सरासऱ्यांची तुलना बऱ्यापैकी विश्वासार्ह, पण जिल्ह्यांची तुलना आणि वर्षागणिक होणारे बदल तितके नाहीत. हा अभ्यास परखच्या आधीचा आहे, त्यामुळे तो परखला जसाच्या तसा चिकटवू नका. पण चाचणी शाळेत, बहुपर्यायी आणि निकालाची प्रतवारी हा साचा तोच राहिला आहे, तेव्हा शंका उपस्थित करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

अभिजित सिंग यांचं कामही जरूर वाचा. त्यांनी मध्य प्रदेशात सरकारी मूल्यमापनातलेच प्रश्न त्याच मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा दिले. अधिकृत गुण आणि फेरचाचणीचे गुण यांत मोठी तफावत निघाली. पुढे आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅबलेटवर घेतलेल्या चाचणीत हा फुगवटा बराच कमी झाला. यातून संशोधक म्हणून काय घ्यायचं? ‘सरकारी आकडे खोटे असतात’ हे नाही. फुगवटा मोजता येतो आणि चाचणीची पद्धत बदलून कमीही करता येतो, हे घ्यायचं. छोट्या उपनमुन्यावर स्वतंत्र फेरचाचणी घेणं हा फार खर्चाचा मामला नाही. ती प्रत्येक फेरीत व्हावी, आणि तिचे निकाल मुख्य अहवालातच छापावेत, ही माझी दुसरी मागणी.

ही चाचणी गणिताची की भाषेची?

गणिताच्या चाचणीत एक गोष्ट नेहमी निसटते. आपण मोजतो त्यात गणित किती आणि इतर काही किती? यालाच वैधतेचा प्रश्न म्हणतात. मराठीतलंच उदाहरण घेऊ.

असरमध्ये मूल 53 हा आकडा बघून त्याचं नाव सांगतं. इंग्रजीत आधी पन्नास, मग तीन. मराठीत ‘त्रेपन्न’ : आधी तीन, मग पन्नास, आणि तोही ‘पन्न’ होऊन. एकोणतीस ऐकताना कानावर ‘तीस’ पडतो, पण लिहायचा असतो 29. आता एखादं मूल 53 ला ‘पस्तीस’ म्हणालं, तर त्याला दशक-एकक कळत नाही, की कळतं पण नाव आठवत नाही? त्याच्यापुढे दहादहाच्या पाच गड्ड्या आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या तर ते बरोबर 53 लिहीलही. एका पानाच्या साधनाला हा फरक दिसत नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी मांडणी आली आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. तो वाद बहुतेकांनी भाषेच्या अस्मितेचा म्हणून लढवला. पण मापनाच्या अंगाने पाहिलं तर त्यात एक साधा, तपासता येण्यासारखा प्रश्न दडलेला आहे : संख्यानामांची पद्धत बदलली तर संख्याज्ञानाच्या चाचणीतले गुण किती बदलतात? विषय शोधत असाल तर हा घ्या. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा नंदुरबारमधलं भिली बोलणारं मूल मराठीतलं शाब्दिक उदाहरण सोडवतं, तेव्हा त्याच्या चुकीत गणित किती आणि मराठी किती, हा त्याचाच पुढचा भाग.

उलट बाजूही आहे. 1985 मध्ये नुनेस, कॅराहर आणि श्लीमन यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. विक्रीच्या व्यवहारात त्यांचे हिशेब 98 टक्के बरोबर. तेच हिशेब कागदावर आकडेमोड म्हणून दिले तर 37 टक्के. मुलं फक्त पाच होती, म्हणून या आकड्यांवर इमारत बांधायची नाही. पण 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास आला. त्यांचा नमुना 1,400 हून अधिक मुलांचा आहे. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेब झटपट करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितांवर अडखळत होती. आणि फक्त शाळेत जाणारी मुलं शाळेची गणितं तुलनेने बरी सोडवत होती, पण बाजाराच्या हिशेबात गडबडत होती.

म्हणजे राष्ट्रीय चाचणीत नापास ठरणारं मूल मंडईत कुणाला फसू देत नसेल. आणि चाचणीत चांगले गुण मिळवणारं मूल पाचशेच्या नोटेतून सुटे किती परत घ्यायचे यावर थबकत असेल. कोणत्या मुलाला ‘गणित येतं’? चाचणी हे ठरवत नाही. आपण ठरवतो, आणि मग चाचणी मोजते. ही निवड अहवालात उघडपणे लिहिलेली असावी, एवढीच अपेक्षा.

मग परख टाकाऊ का?

नाही. काही गोष्टी त्यात खरोखर चांगल्या आहेत. नॅस 2017 फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांपुरतं होतं. 2021 पासून खासगी शाळाही आल्या, त्यामुळे चित्र अधिक पूर्ण झालं. (म्हणूनच 2017 आणि 2021 ची थेट सरासरी तुलना करू नका. शाळांचं मिश्रणच बदललंय.) शिवाय परख निकाल कौशल्यनिहाय देतो. तिसरीत 99 पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावण्यात 55 टक्के, सहावीत 10 पर्यंतचे पाढे आणि मूलभूत क्रिया यांत 53 टक्के, ही माहिती ‘गणितात 46’ यापेक्षा कितीतरी कामाची आहे. कुठली पायरी ढासळली आहे ते तिथे दिसतं. अभ्यासक्रम आखणाऱ्याला आणि शिक्षक प्रशिक्षण घेणाऱ्याला हेच हवं. आणि मार्च 2022 मध्ये सरकारनेच ‘पायाभूत अध्ययन अभ्यास’ घेतला होता : तिसरीची सुमारे 86 हजार मुलं, एकेकासमोर बसून. म्हणजे एकास एक चाचणी सरकारी यंत्रणेला जमतच नाही असं म्हणायला जागा नाही.

माझा निवाडा थोडक्यात असा : देशपातळीवर कोणतं कौशल्य कच्चं आहे हे पाहायला परख उपयोगी. इयत्तांमधली घसरण मोजायला निरुपयोगी. राज्यांची क्रमवारी लावायला धोकादायक. आणि प्रश्ननिहाय, पर्यायनिहाय विदा संशोधकांना सहज उपलब्ध झाली तर याच सर्वेक्षणाची किंमत कितीतरी वाढेल.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. “परख 2024 नुसार तिसरी ते नववी या काळात विद्यार्थ्यांची गणितातील संपादणूक 60 वरून 37 टक्क्यांवर घसरते” हे वाक्य काढा. त्याऐवजी असं लिहा : “परख 2024 मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या बहुपर्यायी प्रश्नांपैकी सरासरी 37 टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. इयत्तानिहाय चाचण्या वेगळ्या असल्याने या आकड्यांवरून इयत्तांमधील बदलाचे अनुमान काढलेले नाही.” दुसरं वाक्य लिहिताना हात जड होतो, कारण त्याने समस्या जरा कमी भयंकर वाटते. पण समितीतल्या जाणकाराला त्या एका वाक्यावरून कळतं की या मुलीने, या मुलाने अहवाल उघडून वाचलाय.

आणि टक्केवारी उद्धृत करण्याआधी चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ही टक्केवारी मुलांची की उत्तरांची? कोणती मुलं यात नाहीत? आकडा वाढला तर कुणाचा फायदा होतो? आणि हे उत्तर चुकायला गणित न येण्याखेरीज दुसरं काय कारण असू शकतं? पहिल्या तिन्हींची उत्तरं बहुतेकदा अहवालात किंवा त्याच्या आसपास सापडतात. चौथ्यासाठी मात्र मुलासमोर जाऊन बसावं लागतं, आणि तुमचं स्वतःचं संशोधन बहुधा तिथूनच सुरू होईल.